शॉकअप ओरडतो, ब्रेकचा पाइप गप्प बसतो

वाचकहो, या खेपेला पत्रांचा गठ्ठा जाड आहे आणि त्यातली निम्मी पत्रं पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांची आहेत. सिंहस्थाच्या कामांसाठी नाशकातले रस्ते उकरलेत, त्याचाही हातभार असेल. पहिल्या पत्राला मी जास्त जागा घेतली आहे, कारण त्यातला घोटाळा दर आठवड्याला कोणी ना कोणी माझ्या शेडच्या दारात घेऊन येतो.

प्रश्न : वडिलांची २००४ ची झेन माझ्याकडे आहे. पेट्रोल, १ लाख १८ हजार किलोमीटर. दुसऱ्यांदा पासिंगही करून घेतलंय. गेल्या महिन्यात सप्तशृंग गडावरून उतरलो, नांदुरीला चहाला थांबलो तर मागच्या डाव्या चाकाच्या आत ओल दिसली. मिस्त्री म्हणाला, ब्रेकचा पाइप तिथे सडलाय, तेवढा तुकडा कापून जोड देऊ. शिवाय पुढचा डावा शॉकअप गळतोय, तो एकच बदला म्हणाला. मेहुणे म्हणतात शॉकअप दोन्ही टाका, खड्ड्यांत गाडी फार आपटते. पाइपाचं पुढे बघू. सगळं एकदम करायला पैसे नाहीत. गाडी विकायची नाही. आधी काय करू? – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : मेहुण्यांचा मान ठेवून सांगतो, क्रम उलटा करा. आधी ब्रेकचे पाइप, आणि एक नव्हे, सगळे. शॉकअप दोन महिन्यांनी झाले तरी चालतील, तोवर घाट टाळा. पण पाइप होईपर्यंत गाडी गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा काढू नका. गॅरेजला न्यायची तर टोइंगने न्या.

शॉकअप खराब झाला की तो ओरडून सांगतो. खड्ड्यात खडखडतो, स्पीडब्रेकरवर दणका देतो, मागे बसलेली मंडळी कुरकुरतात. म्हणून खिशातले पैसे आधी त्याच्याकडे जातात. ब्रेकचा पाइप काहीच बोलत नाही. फ्लोअरखाली, क्लिपच्या आड तो वर्षानुवर्षं गंजत राहतो आणि कोणी आडवं आलं म्हणून तुम्ही जीव खाऊन पेडल दाबता तेव्हा फुटतो. दुसरं कधी फुटणार? त्याच्यावर सगळ्यात जास्त दाब त्याच क्षणी येतो. टायरात दोन बार हवा असते. जोरात ब्रेक मारल्यावर पाइपातला दाब सहज त्याच्या चाळीस-पन्नास पट जातो. गडावरून तुम्ही सुखरूप उतरलात ती देवीची कृपा म्हणा. दुसरं कारण असं की अशा गाड्यांत ब्रेकचे पाइप दोन वेगळ्या वाटांनी जातात. एक वाट गेली तरी दुसरी निम्मा ब्रेक देते. निम्म्या ब्रेकवर घाट उतरायचा नसतो, एवढं मात्र खरं.

आता जोड देण्याबद्दल. नका देऊ. एक पाइप एका जागी सडला म्हणजे बाकीचे ठणठणीत आहेत असं थोडंच असतं? सगळे एकाच दिवशी बसले, एकाच चिखलातून गेले. नीट जोड द्यायचा तर पाइपाचं तोंड कर्ण्यासारखं उमलवावं लागतं, त्याला फ्लेअर म्हणतात. गंजून पातळ झालेल्या पाइपाचं तोंड उमलवायला गेलं की चिरतं. मग काही जण नळाला बसवतात तसला, रिंग आवळून पकडणारा जोड लावून मोकळे होतात. तो पाण्यासाठी ठीक. ब्रेकमध्ये तो पाइपावरून सटकतो.

मी १९८३ मध्ये ओझरला एचएएलमध्ये लागलो. हा कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिला. ३१ वर्षांतली बहुतेक मी हायड्रॉलिक पाइपांच्या बाकावर काढली. तिथे पाइपावर केसाएवढी चीर दिसली की अख्खा पाइप बाद, आणि बाद झालेला पाइप भंगारात टाकण्यापूर्वी मुद्दाम वाकवायचा, म्हणजे कोणी चुकूनसुद्धा उचलून पुन्हा बसवू नये. ती खोड अजून गेलेली नाही. मखमलाबाद नाक्याजवळच्या माझ्या पत्र्याच्या शेडमागे वेड्यावाकड्या ब्रेक पाइपांचा ढीग आहे. भंगारवाला दरवेळी विचारतो, काका, सरळ ठेवले असते तर जागा कमी लागली असती.

पाइप सडतो कुठे, तर जिथे चिखल साठतो तिथे. क्लिपच्या खाली, टाकीच्या वरच्या बाजूला, मागच्या चाकाच्या कमानीत. आपल्याकडे थंड देशांसारखं रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, पण त्र्यंबक-इगतपुरीकडचा पाऊस आणि वर्षानुवर्षं ओला राहणारा गाळ पुरेसा असतो. मुंबई-कोकणातून आलेली जुनी गाडी असेल तर खाऱ्या हवेचा हिशेब आणखी वेगळा. तुमच्या मिस्त्रीला एक क्लिप उघडून, पाइप तारेच्या ब्रशने घासून बघायला सांगा. वरचा गंज निघून खाली गुळगुळीत लोखंड लागलं तर ठीक. खड्डे दिसले तर त्याचं आयुष्य संपलं.

कंपनीचा, वळणं देऊन तयार असलेला पाइप मिळाला तर सोन्याहून पिवळं. पण झेन २००६ मध्ये बंद झाली, तेव्हा स्पेअरच्या दुकानांत चपला झिजवाव्या लागतील. नाही मिळाला तर ४.७५ मिलिमीटरचा पाइप गुंडाळीतून कापून बनवायचा. दोनच धातू चालतात. एक, मुलामा दिलेलं स्टील, मूळचं होतं तसं. दुसरा कुप्रोनिकेल, म्हणजे तांब्यात साधारण दहा टक्के निकेल; आपलं ते जुनं जाड पाच रुपयांचं नाणं आठवा, त्याच कुळातला. तो गंजत नाही आणि हाताने छान वळतो, मी तोच वापरतो. एसी-फ्रिजवाल्यांकडचा नुसता तांब्याचा पाइप मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नका. आज मऊ असतो, पण गाडीच्या थरथरीने तांबं हळूहळू कडक होतं आणि एके दिवशी नटाच्या मुळाशी तडकतं. काम करून गेलेल्या माणसाचा फोन तोवर बदललेला असतो.

फ्लेअर दुहेरी हवा, म्हणजे तोंड उमलवून पुन्हा आत दुमडलेलं. जपानी घराण्याच्या गाड्यांत हाच असतो. युरोपातल्या बऱ्याच गाड्यांत फुग्यासारखा असतो आणि एकाच्या जागी दुसरा बसवला की गळतो. मलाही याचा धडा मिळालाय. निवृत्तीनंतर पहिल्याच गाडीला मी हातातली सवय म्हणून विमानातला फ्लेअर केला. तिथला कोन ३७ अंशांचा, मोटारीतला ४५ चा. डोळ्याला फरक कळत नाही. पेडल दाबलं आणि तेलाची चिळकांडी थेट माझ्या सदऱ्यावर. आणखी एक गंमत सांगतो, जी प्रत्येक फिटरने आयुष्यात एकदा केलेली असते: झकास फ्लेअर करायचा, कौतुकाने बघायचा, आणि मग लक्षात येतं की नट पाइपात ओवायचाच राहिला.

पाइप हॅक्सॉने कापू देऊ नका. बारीक कीस आत राहतो आणि सिलिंडरच्या रबराला ओरखडे पाडतो. फिरवून कापायचं छोटं कटर असतं, ते वापरायचं. मापासाठी सुतळी उत्तम: जुन्या पाइपाच्या वळणावळणाने सुतळी लावायची आणि तेवढा पाइप कापायचा. जुना पाइप शक्य तितका न वाकवता काढून जमिनीवर ठेवायचा आणि नव्याला त्याच्याशेजारी तशीच वळणं द्यायची (मग जुना वाकवून टाकायचा, वर सांगितलंच). नट सोडवायला साधा पाना नको. दहा नंबरचा, तोंडाशी फट असलेला रिंग पाना येतो, तो नटाला पाच बाजूंनी धरतो. साध्या पान्याने नटाचे कोपरे गेले की मग पक्कड, मग शिव्या.

नवा पाइप प्रत्येक मूळ क्लिपमध्ये परत गेला पाहिजे. सायलेन्सरपासून लांब, हलणाऱ्या भागांपासून लांब. लोंबता राहिला तर थरथरून तुटेल.

हे चाललंच आहे तर रबरी होज पाइपही बदला, पुढचे दोन्ही आणि मागचे असतील तेवढे. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सुजून बंद होतो. मग पेडलच्या दाबाने ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही. ते चाक धरलेलंच राहतं, तापतं, गाडी एका अंगाला ओढते आणि लोक कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड आवळणारा भाग, बदलत बसतात. होज बसवताना त्याला पीळ पडता कामा नये. त्याच्या अंगावर एक रेघ असते, ती सरळ दिसली पाहिजे. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून तो टायरला घासत नाही ना, ते बघून घ्या. बोल्टखालचे तांब्याचे वायसर नवे. आणि काम करताना कॅलिपर होजवर लटकत सोडणारा माणूस दिसला तर त्याला तारेचा तुकडा द्या, बांधून ठेवायला. तेवढ्यानेही नाही समजला तर गाडी दुसरीकडे न्या.

पाइप उघडले की आत हवा शिरते. ती कशी काढायची ते खाली एका मुलीला लिहिलंय, ते वाचा. सगळं झालं की इंजिन चालू ठेवून पेडल एक मिनिट घट्ट दाबून धरायला सांगा आणि तुम्ही स्वतः प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर फिरवा. पेपर कोरडा राहिला पाहिजे. पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोरावर ऑइल ढकलणारा पंप, आतून गळतोय. मग रविवारी सकाळी अंबड एमआयडीसीच्या एखाद्या रिकाम्या रस्त्यावर वीसच्या वेगाने चार-पाचदा ब्रेक मारून बघा. निघण्यापूर्वी मी हत्यारं मोजतो. ओझरला प्रत्येक पान्याची जागा फळीवर रंगवलेली असायची. फळीवर एक जागा रिकामी दिसली तरी विमान हलत नसे. झेनच्या बॉनेटमध्ये राहिलेला पाना काही कोणाचा जीव घेत नाही म्हणा, पण पंख्यात गेला तर रेडिएटरचा घेतो.

आता शॉकअप. तो गाडी उचलून धरतो असा एक समज आहे. वजन पेलते ती स्प्रिंग. स्प्रिंग एकदा दबली की झोपाळ्यासारखी खालीवर होत राहते, तिला आवरायचं काम शॉकअपचं. आतलं तेल बारीक भोकांतून ढकलत तो ती हालचाल जिरवतो, आणि जिरवलेली हालचाल उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून पेठ रोडसारख्या रस्त्यावरून अर्धा तास गाडी हाणून आलात की शॉकअपला हात लावून बघा. एक कोमट आणि जोडीदार गार असेल तर गार तो आजारी, त्याने काम केलंच नाही. बॉनेट दाबून गाडी किती डोलते ते बघायची पद्धतही आहे. दोनदापेक्षा जास्त डोलली तर शॉकअप गेला हे नक्की, पण डोलली नाही म्हणजे तो चांगला असं मात्र नाही. तेलाचा नुसता धुरकट थर असेल तर घाबरू नका. ओघळ असेल तर बदला.

तुमचा मिस्त्री एकच बदला म्हणतो, तिथे मेहुण्यांचं बरोबर आहे. शॉकअप जोडीने बदलायचे. डावा नवा आणि उजवा वीस वर्षांचा असेल तर वळणावर गाडी एका पायावर लंगडते. ब्रेकशीही त्याचा संबंध आहे: चाक रस्त्यावर टेकलेलं असेल तरच ब्रेकचा उपयोग, मेलेल्या शॉकअपवर ते उड्या मारतं आणि गाडी लांब जाऊन थांबते.

झेनच्या पुढे स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवती दाबून बसवलेली स्प्रिंग. ती स्प्रिंग कॉम्प्रेसरने आवळल्याशिवाय वरचा मधला नट सैल करायचा नाही. माझ्या शेडच्या शटरला आतून एक पोचा आहे, २०१६ मधला. एक हुक नीट बसला नव्हता, आणि मला जेवायला जायची घाई. स्प्रिंग माझ्या कानाजवळून गेली. तेव्हापासून हे काम मी उपाशीपोटी करत नाही, आणि घरी करून बघू म्हणणाऱ्या कोणालाही हे एक काम करू देत नाही.

स्ट्रट उघडलाच आहे तर वरचं रबरी माउंटिंग, बेअरिंग, आतला बम्प स्टॉप आणि धुळीचं बूट हेही नवं टाका. मजुरी तीच लागते. निम्म्या वेळा खडखड शॉकअपची नसून माउंटिंगची असते. खालचे दोन बोल्ट काढण्यापूर्वी त्यांच्या जागेवर पांढऱ्या रंगाची खूण करायला सांगा, आणि तरीही नंतर अलाइनमेंट करून घ्याच. नट फिरवताना चकचकीत दांडा पक्कडीने धरला तर त्यावर ओरखडा पडतो, ओरखडा सील फाडतो आणि नवा शॉकअप दिवाळीपर्यंत गळायला लागतो. मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, ते काम सोपं आहे. फक्त बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, वजन आल्यावर आवळायचे. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं. मागचे गळत नसतील तर ते पुढच्या वर्षावर ढकला, माझी हरकत नाही.

प्रश्न : काका, आमची २०११ ची ओम्नी आहे, बागेच्या कामाला वापरतो. कामावरच्या पोराला ब्रेकच्या डबीत ऑइल कमी दिसलं, त्याने शेडमधलं इंजिन ऑइल ओतलं. दोन दिवस चांगली चालली. आता ब्रेक आपोआप धरतात, चाकं तापतात, आणि डबीच्या झाकणातलं रबर परत बसतच नाही इतकं फुगलंय. ऑइल काढून नवं भरलं तर भागेल का? – द्राक्ष बागाईतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : नाही भागणार, दादा. ते फुगलेलं रबर हाच सगळा पंचनामा आहे. जे झाकणाचं झालं तेच मास्टर सिलिंडरच्या आत, चाकांच्या सिलिंडरांत, कॅलिपरच्या सीलचं आणि होज पाइपांचं झालंय. ब्रेकमधलं रबर खास त्या ऑइलसाठी बनवलेलं असतं. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, ग्रीस, डिझेल, पेट्रोल यांतलं काहीही लागलं की ते फुगतं आणि लुळं पडतं. तेव्हा रबर म्हणून जे जे आहे ते सगळं बदलायचं. लोखंडी पाइप सडले नसतील तर वाचतील, ते ब्रेक क्लीनरने आतून धुऊन, हवेने पूर्ण सुकवून घ्यायचे. धुवायला पेट्रोल वापरू नका, पुन्हा तीच कथा.

पोराला फार बोलू नका. दोष आपल्या बोलण्यात आहे. आपण सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, मीसुद्धा, आणि त्यात तेलाचा टिपूस नसतो. ते पाण्यात विरघळतं, तेल कधी विरघळेल का? बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तुमच्या डबीच्या झाकणावर जे लिहिलंय ते आणायचं. डॉट ५ हा वेगळाच, सिलिकॉनचा प्रकार आहे, तो यात मिसळायचा नाही. आकडा मोठा म्हणून माल भारी असं नसतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक गोष्ट मीच विचारतो. या गाडीतून मोरचूद (कॉपर सल्फेट) जातं ना? बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी जातच असेल. मोरचूदाच्या पाण्यात विळा बुडवून ठेवला की त्यावर तांबूस थर चढतो ते तुम्ही पाहिलं असेल. ते तांबं फुकट येत नाही, त्याच्या बदल्यात लोखंड झिजून पाण्यात उतरतं. ओलं पोतं मागे ठेवलं, पाणी फ्लोअरच्या भोकांतून खाली झिरपलं, की ब्रेकच्या पाइपाचं तेच होतं. दोन वर्षांपूर्वी दिंडोरीकडची एक गाडी आली होती, तिचा मागचा पाइप मी बोटांनी मोडला. पोत्याखाली ताडपत्री घाला आणि फवारणीच्या दिवसांत गाडी खालून साध्या पाण्याने धुवा. ऑइलचं काम कराल तेव्हा पाइपही क्लिपा उघडून बघून घ्या.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबांच्या जुन्या सँट्रोचं ब्रेक ऑइल पार्किंगमध्ये मी स्वतः बदलू का? भाऊ पेडल दाबायला तयार आहे. बाबा नको म्हणतात. – गंगापूर रोड

उत्तर : काका म्हटलंस म्हणून एकेरीत लिहितो. कर. पण बाबांना शेजारी खुर्ची टाकून बसव.

हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ताजं डॉट ३ निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं १४० लाही उकळू शकतं. घाटात पॅड तापले, ऑइल उकळलं, की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. ताजं ऑइल फिक्या मधासारखं दिसतं; तुझं बहुधा टपरीवरच्या चहासारखं असेल.

आदल्या रात्री चाकांमागच्या, ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या चारही निपलांवर गंज सोडवणारा स्प्रे मार. सकाळी सहा कोनांचं सॉकेट लाव, बारा कोनांचं नको. हलकं ठोकून, मागेपुढे करत सोडव. निपल अडला तर तिथेच थांब आणि मिस्त्रीला बोलव. तो तुटला की दिवसभराचं काम होतं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, घोड्या (जॅक स्टँड) लाव.

आधी डबीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढ आणि ताजं भर. निपलला पारदर्शक नळी लाव, तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडलेलं राहू दे. मग भावाला तीन शब्द शिकव: दाब, धर, सोड. तो दाबेल, तू निपल उघडशील, ऑइल येईल. निपल बंद केल्यावरच ‘सोड’ म्हणायचं, आधी नाही. नाहीतर बाहेरची हवा आत खेचली जाते. माझा नातू आणि मी पहिल्यांदा बसलो तेव्हा त्याने मोबाइल बघत बघत पाय काढला आणि आम्ही पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. डबी दर पाच-सहा दाबांनी बघायची. ती रिकामी झाली तर तीच गत.

पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेव, म्हणजे ते जमिनीला टेकणार नाही. जुन्या गाडीच्या मास्टर सिलिंडरचा खालचा भाग कधी वापरलाच गेलेला नसतो, तिथे गंज आणि गाळ असतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत गेलं की सील त्या गंजावरून घासतं आणि कालपर्यंत चांगला असलेला सिलिंडर संध्याकाळी गळायला लागतो. मग बाबा म्हणणार, बघ, मी सांगत होतो.

चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकात बघ. का, ते शेवटच्या पत्रात. ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नकोस, लगेच पाणी ओत, रंग खातं ते. उरलेली उघडी बाटली पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नकोस. आणि जुनं ऑइल नाल्यात नाही. गंगापूर रोडचे नाले कुठे जातात ते तुला ठाऊक आहे.

प्रश्न : रीकंडिशन केलेले शॉकअप निम्म्या पैशात मिळतात. घ्यावेत का? – सिडको

उत्तर : मी एक कापून बघितला होता. अंगाला भोक पाडून तेल भरलेलं, वर वेल्डिंगचा ठिपका, त्यावर काळा रंग. सील जुनंच, दांडा जुनाच. गॅसचा असेल तर गॅस कधीच गेलेला. महिनाभर बरं वाटतं, कारण तेल नवं असतं. नका घेऊ.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की हवा काढताना कायम मागच्या डाव्या चाकापासून, म्हणजे सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. माझ्या गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम आहे. कोण चूक? – नाशिक रोड

उत्तर : मी. मास्टर सिलिंडर आपल्याकडे ड्रायव्हरसमोर, म्हणजे उजवीकडे असतो, त्यामुळे मागचं डावं चाक बहुधा सगळ्यात लांब पडतं आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत तीच सुरुवात असते. पण पुढची चाकं ओढणाऱ्या पुष्कळ गाड्यांत ब्रेकच्या वाटा तिरप्या असतात, एका वाटेवर मागचं एक आणि विरुद्ध बाजूचं पुढचं. तिथे काही कंपन्या एक वाट पूर्ण करून मग दुसरी घ्यायला सांगतात, आणि एबीएस असेल तर क्रम आणखी बदलू शकतो. ‘कायम’ हा शब्द मी लिहायला नको होता.

या वाचकांनी पुस्तकाच्या पानाचा फोटोही जोडलाय. पानाच्या कोपऱ्यावर ब्रेक ऑइलचा डाग आणि अंगठ्याचा काळा ठसा आहे.